घरच्या घरीं मातीचीं पदकें

गेल्या वर्षीं पालकांच्या सभेनंतर एक माउली माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बाई, वर्गांत तुम्ही मुलींना हस्तव्यवसाय शिकवितां, तें चांगलेंच आहे. पण घरीं आल्यावर ती माझ्यापाशीं माती नि रंग मागते. आमच्या दोन खोल्या, माणसें सहा, त्यांत एक रांगतें मूल. तिनें बसावें कोठें, आणि मीं तरी तिच्याजवळ बसावें केव्हां?" त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, त्या खरोखरच उत्तर मागत होत्या. त्या वेळीं मीं कांहीं तरी गोड बोलून त्यांची बोळवण केली. पण घरीं जातांना मनाला रुखरुख लागली. कारण माझेंही घर दोन खोल्यांचेंच आहे, मलाही दोन मुलें आहेत, आणि त्याच दोन खोल्यांत कित्येक वर्षें मी मातीचीं पदकें करीत आलें आहें. तें कसें जमतें, हें मीं त्यांना तेथेंच सांगावयास पाहिजे होतें. राहून गेलेलें तें उत्तर या लेखांत देत आहें.

पदक म्हणजे दोऱ्यांत किंवा साखळींत ओवून छातीवर रुळणारा दागिना. बाजारांत त्याला आतां पेंडंट म्हणतात. सोन्याचें पदक प्रत्येकाला परवडत नाहीं, ही गोष्ट आजची नव्हे. धाराशिव जिल्ह्यांतील तेर, म्हणजे प्राचीन तगर, हें सातवाहनांच्या काळीं व्यापाराचें मोठें नगर होतें. तेथें, तसेंच तेलंगणांतील कोंडापूर येथें, रोमन नाण्यांवरील छाप उठविलेलीं भाजक्या मातीचीं गोल पदकें सांपडलीं आहेत. गळ्यांत बांधतां यावीं म्हणून त्यांना भोंक किंवा कडी ठेवलेली आहे. परदेशचें सोन्याचें नाणें गळ्यांत मिरवावें, ही त्या काळच्या श्रीमंतांची हौस असावी. आणि ज्यांना तें मिळण्यासारखें नव्हतें त्यांनीं तीच हौस मातीवर भागविली असावी. सुमारें दोन हजार वर्षांनंतरही मातीचीं तीं पदकें वस्तुसंग्रहालयांत जपून ठेवलेलीं आहेत. तेव्हां मातीचें पदक हें कमीपणाचें मानण्याचें कारण नाहीं.

परंतु मीं आरंभ मातीपासून केला नाहीं. आरंभीं मला दुकानांतील चकाकणाऱ्या वस्तूंची भूल पडली. एपॉक्सी राळ म्हणून एक पदार्थ मिळतो. दोन पातळ द्रव ठराविक प्रमाणांत एकत्र करावयाचे, सांच्यांत ओतावयाचे, आंत एखादें फूल ठेवावयाचें, आणि कांहीं तासांनीं कांचेसारखें पारदर्शक पदक बाहेर काढावयाचें. एके रात्रीं मुलें निजल्यावर मीं स्वयंपाकाच्या ओट्यावर हा उद्योग मांडला. द्रव कालविले, आणि तितक्यांत धाकटा रडत उठला. त्याला थोपटून परत येतें तों पेल्यांतील राळ घट्ट होऊन तिला चटका बसण्याइतकी उष्णता आलेली, आणि घरभर उग्र वास. नंतर डब्यावरील सूचना नीट वाचल्या, तेव्हां आपण काय केलें हें ध्यानांत आलें. न सुकलेली राळ कातडीस लागली तर दाह होतो, वारंवार लागत राहिली तर जन्मभराची अ‍ॅलर्जी जडूं शकते. हातमोजे आणि मोकळी हवा यांवांचून तिला हात लावूं नये. जेथें मूल निजतें आणि जेथें अन्न शिजतें, तेथें तें काम करावयाचेंच नव्हे. तो डबा मीं घराबाहेर काढला.

त्या रात्रीं मी एक गोष्ट शिकलें, आणि या लेखांत सांगावयाचें मुख्य तें हेंच. कांहीं पदार्थ आपल्या घड्याळाप्रमाणें चालतात. माणसानें त्यांच्यासाठीं थांबावें लागतें. राळ तशी आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसही तसेंच, तें थोड्याच मिनिटांत घट्ट होतें. कांहीं पदार्थ मात्र माणसासाठीं थांबतात. माती त्यांपैकीं आहे. ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवली, तर ती चार दिवसही वाट पाहते. लहान मुलांच्या घरांत जागा कमी असते हें खरें, पण त्याहूनही सलग वेळ कमी असतो. म्हणून जें काम मुलाच्या पहिल्या हांकेला खालीं ठेवतां येतें, तेंच त्या घरांत टिकतें. आधीं पदार्थ निवडून मग त्यासाठीं जागा शोधूं नये. घराला सोसेल तोच पदार्थ निवडावा.

आतां जागेविषयीं. मला लागते ती जागा एका परातीएवढी. उभ्या कडांची एक जुनी परात घ्यावी. सगळें काम तींतच करावयाचें, तिच्या बाहेर मातीचा कण जाऊं द्यावयाचा नाहीं, असा नियम ठेवावा. मूल उठलें, पाहुणे आले, कीं वर ओलें फडकें टाकून परात कपाटावर ठेवून द्यावी; घर पुन्हां घर होतें. साहित्य थोडेंच असतें: एक जुनें लाटणें, सारख्या जाडीच्या दोन लांकडी पट्ट्या, बाटलीचें झांकण किंवा लहान वाटी, एक चमचा, एक दांत कोरण्याची काडी, स्पंजाचा तुकडा आणि पाण्याची वाटी. हें सर्व बिस्किटांच्या एका डब्यांत मावतें. मातीसाठीं घेतलेलें लाटणें आणि वाटी पुन्हां स्वयंपाकांत घेऊं नये. सांडलेली माती कोरडी झाडूं नये. तिची बारीक धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत जाते. ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. हात धुतलेलें पाणी मोरींत ओतूं नये, नाहीं तर चार दिवसांत मोरी तुंबून शेजाऱ्यांशीं भांडणाची पाळी येईल. तें एका बादलींत रात्रभर राहूं द्यावें. सकाळीं वरचें निवळ पाणी झाडांना घालावें आणि तळचा गाळ पुन्हां मातीच्या गोळ्यांत मिसळावा.

माती कुंभाराकडून मळलेली आणावी. एक किलो पुष्कळ होते. त्यांत चार सेंटिमीटर रुंदीचीं पन्नासएक पदकें सहज निघतात. माती योग्य आहे कीं नाहीं हें पाहण्याची रीत सोपी आहे. पेन्सिलीएवढी वळी करून ती बोटाभोवतीं गुंडाळावी. तिला चिरा पडल्या तर माती कोरडी तरी आहे किंवा तिला चिकटपणा तरी कमी आहे. तिला ओल्या हातानें पुन्हां मळावें. वळी बोटाला चिकटूं लागली तर ओल फार झाली. ती फडक्यावर थोडा वेळ पसरून ठेवावी.

मग फडक्यावर गोळा ठेवून, दोन्ही बाजूंस दोन पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणें फिरवावें. पट्ट्यांमुळें पोळी सगळीकडे सारख्या जाडीची होते. पांच-सहा मिलिमीटर जाडी पुरे. त्याहून पातळ केलें तर तें वांकतें, जाड केलें तर गळ्याला जड होतें. चार सेंटिमीटरचें पदक भाजल्यावर सुमारें १० ते १२ ग्रॅम भरतें; एवढें ओझें मानेला जाणवत नाहीं. नक्षीसाठीं विकतचे छाप आणण्याची गरज नाहीं. कडुनिंबाचें किंवा पिंपळाचें पान उलटें ठेवून, म्हणजे शिरांची बाजू खालीं करून, लाटणें हलकेंच फिरवावें. बाजरीचें कणीस, सुताची लेस, टोपलीचा विणलेला कांठ, बुटाचा तळ, यांचेही ठसे सुंदर उठतात. माझ्या मुलांनीं एकदां घरांतील प्रत्येक खडबडीत वस्तूचा ठसा घेऊन पाहिला, आणि त्या दिवसापासून तीं रस्त्यानें चालतांना झाडांच्या सालींना हात लावून पाहूं लागलीं. नक्षी उठली कीं झांकणानें गोल कापावा आणि कडेपासून पांच-सहा मिलिमीटर आंत काडीनें भोंक पाडावें. भोंक दोऱ्याच्या दुप्पट रुंद ठेवावें. कारण पुढें तें लहान होणार असतें.

लहान होणार म्हणजे किती, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः मोजून काढावें. मातीची बारा सेंटिमीटर लांबीची पट्टी करावी आणि तीवर बरोबर १०० मिलिमीटर अंतरानें दोन रेघा ओढाव्या. पट्टी सुकल्यावर तें अंतर मोजावें, भाजून आल्यावर पुन्हां मोजावें. आमच्याकडील मातींत तें शेवटीं ९१ मिलिमीटर भरलें. म्हणजे शेंकडा ९ इतकी घट झाली. तेव्हां भाजलेलें पदक चार सेंटिमीटरचें हवें असेल, तर कापतांना तें सुमारें ४.४ सेंटिमीटरचें कापिलें पाहिजे. प्रत्येक मातीचा आंकडा निराळा येतो, म्हणून दुसऱ्याच्या आंकड्यावर विसंबूं नये. शेंकडेवारीचें गणित ज्यांना पुस्तकांत रुक्ष वाटतें, त्यांना तें येथें बोटांशीं उभें असलेलें दिसेल.

कापलेलीं पदकें एक दिवसानें चामड्यासारखीं होतात. वांकवूं गेल्यास वांकत नाहींत, पण नखानें रेघ उठते. कडा गुळगुळीत करण्याची वेळ हीच. ओल्या स्पंजानें कडा पुसाव्या आणि सपाट भागावर चमच्याची पाठ किंवा गुळगुळीत खडा गोल गोल घोटावा. घोटल्यानें मातीचे कण एका पातळींत बसतात आणि रोगणावांचून चकाकी येते. पुढें सुकविणें. येथें घाई चालत नाहीं. कडा आधीं सुकून आंखडतात, मध्यभाग ओला राहतो, आणि या ओढाताणींत पदक वांकतें. म्हणून उन्हांत न ठेवतां सावलींत, वर्तमानपत्रावर, दुसऱ्या फळीच्या हलक्या वजनाखालीं ठेवावें, आणि रोज एकदां उलटावें. उन्हाळ्यांत पांच-सहा दिवस पुरतात. पावसाळ्यांत त्याच्या दुप्पट.

या घाईची शिक्षा मला एकदां भोगावी लागली. नाताळापूर्वीं शाळेंत विक्री भरावयाची होती. मीं चोवीस पदकें केलीं. वरून तीं पांढुरकीं, कोरडीं दिसूं लागलीं, तेव्हां तीन दिवसांतच कुंभाराकडे नेऊन दिलीं. आवा उघडला तेव्हां पंधरा फुटलीं होतीं. कुंभारदादा शांतपणें म्हणाले, "बाई, माती वरून वाळते, आंतून नाय. गालाला लावून बघितली व्हती का?" त्यांनीं सांगितलेली ती रीत तेव्हांपासून मी सोडीत नाहीं. पदक गालाला लावावें. गार लागलें तर आंत अजून ओल आहे. ओल वाफ होऊन उडत असते, म्हणून तो गारवा.

फुटण्याचें कारण सरळ आहे. शंभर अंशांवर पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशें पटींहून अधिक जागा लागते. बंद मातींत तेवढी जागा कोठून मिळणार? ती माती फोडूनच बाहेर पडते. पूर्ण सुकलेल्या मातींतही कणांशीं रासायनिक रीतीनें बांधलेलें पाणी असतें. तें ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या सुमारास सुटतें. तें सुटल्यावर मात्र माती पुन्हां पाण्यांत विरघळत नाहीं. तिचा चिखल होणें कायमचें संपतें. घरांतील ओव्हन २५० अंशांच्या आसपास थांबतो, म्हणून त्यांत माती नुसती सुकते, भाजत नाहीं. गॅसच्या उघड्या ज्योतीवर तर भाजूंच नये. एक बाजू तापते, दुसरी थंड राहते, आणि फुटलेले तुकडे डोळ्यांत उडतात. भाजण्याचें काम कुंभाराकडेच सोपवावें. आपलीं पदकें एका मडक्यांत घालून दिलीं, तर तीं त्याच्या आव्यांत एका कोपऱ्यांत बसतात. त्याच्या श्रमाचा मोबदला मात्र न मागतां द्यावा. माती तांबडी कां होते, हेंही तेथेंच पाहावयास मिळतें. मातींत लोह असतें. भाजतांना मोकळी हवा मिळाली तर तें तांबडा रंग देतें. हवा कोंडून भुसा धुमसत ठेवला, तर धुराच्या काजळीनें आणि हवेच्या अभावीं तीच माती काळी होते.

ज्यांच्या जवळपास कुंभार नाहीं, त्यांनीं पुठ्ठ्याचीं पदकें करावीं. जुन्या वह्यांचीं सहा-सात पातळ पुठ्ठ्यांचीं पानें खळीनें एकावर एक चिकटवून, जड पुस्तकांखालीं दोन दिवस दाबून ठेवावीं. सुकल्यावर तीं लांकडासारखीं कडक होतात. त्यांतून पदक कापून, कडा घासून, रंग द्यावा. हेंही काम परातींत मावतें आणि हांकेसरशी थांबतें.

भाजलेल्या पदकावर रंग न दिला तरी शोभतें. द्यावयाचाच असेल तर पाण्यांत कालवून लावावयाचे अ‍ॅक्रिलिक रंग पुरे. सुती दोरा ओवावा आणि त्याचें प्रत्येक टोंक दुसऱ्या बाजूच्या दोऱ्याभोवतीं गांठ मारून बांधावें. म्हणजे दोन्ही गांठी सरकवून माळ लहानमोठी करतां येते. दोन गोष्टींत मात्र हयगय नको. तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं मणी किंवा लहान पदक देऊं नये. तें तोंडांत जातें आणि घशांत अडकतें. लहान मुलाच्या गळ्यांत दोराही घालूं नये. खेळतांना किंवा निजेंत तो आवळला जाण्याचें भय असतें.

आतां मुलांविषयीं. पूर्वीं मी मुलें निजण्याची वाट पाहत असें. पुढें पाहिलें कीं मुलांना कामांतून वगळण्यांत जितका वेळ जातो, तितका त्यांना कामांत घेण्यांत जात नाहीं. तीन वर्षांच्या मुलाला नुसता गोळा द्यावा. पांच-सहा वर्षांचें मूल पान दाबूं शकतें. दहा वर्षांचें मूल पट्टी मोजून वहींत टिपतें. त्याहून मोठ्यांनीं भोंकें पाडावीं, घोटावें, पदकें उलटण्याची पाळी सांभाळावी.

पण येथें माझी एक चूक सांगितली पाहिजे. धाकटा सहा वर्षांचा असतांना त्यानें कडुनिंबाच्या पानाचें एक पदक केलें. तें एका बाजूस कललेलें होतें, आणि मधोमध त्याच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. रात्रीं मीं खळगा बुजविला, कड सारखी केली, आणि सकाळीं कौतुकानें त्याला दाखविलें. तो पाहत राहिला आणि म्हणाला, "आई, हें माझें नाहीं." त्यानंतर आठवडाभर तो परातीजवळ आला नाहीं. मी पदकाला सुधारलें होतें, पण त्यांतून मुलाला काढून टाकलें होतें. शेवटीं मीं त्याला जवळ बसवून सांगितलें, "तुझें पदक मीं न विचारतां बदललें, तें माझें चुकलें." तो कांहीं बोलला नाहीं, पण संध्याकाळीं त्यानें डब्यांतून मातीचा गोळा मागून घेतला. त्या गोळ्याचें जें पदक झालें, त्यांतही अंगठ्याचा खळगा होता. मीं त्याला हात लावला नाहीं. माझ्या वर्गांतील मुली ज्याच्याकडे पाहून "बाई, हें असें वांकडें कां?" असें विचारतात, तें पदक तेंच.

अशा रीतीनें एक पदक पुरें होण्यास दोन आठवडे लागतात. पण त्यांत हातांचें काम सारें मिळून तासाभराचेंही नसतें. वीस मिनिटें लाटण्याकापण्यास, दहा मिनिटें घोटण्यास, रोज एक मिनिट उलटण्यास. बाकीचें काम हवा आणि अग्नि करतात. ज्या आईला दिवसांतून वीस मिनिटें मिळतात, तीही हें करूं शकते. आणि मुलगी शेजारीं बसली असेल, तर तीं वीस मिनिटें दोघींचीं होतात.

त्या माउलींना आणि इतर पालकांना माझें एवढेंच सांगणें आहे, कीं यंदाच्या दिवाळीच्या सुटींत एक परात मुलांच्या स्वाधीन करून पाहावी. विद्यार्थ्यांनीं आपलीं सुकलेलीं पदकें, गालाला लावून पाहिलेलीं, शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यांत माझ्याकडे आणून द्यावीं. प्रत्येकानें पाठीमागें आपलें अद्याक्षर कोरावें आणि सोबत मोजमापाची पट्टी द्यावी. मी सर्वांचीं पदकें एकाच मडक्यांत घालून कुंभारवाड्यांत नेईन. आणि आवा उघडेल त्या दिवशीं ज्यांना यावयाचें असेल, त्यांनीं माझ्याबरोबर यावें.